पहिला रेकॉर्डर घेताना
पाळतीच्या कॅमेऱ्यांचे चित्रण साठवायला एनव्हीआर, म्हणजे त्याच कामासाठी बनवलेला तयार रेकॉर्डर घ्यावा, की संगणकावर सॉफ्टवेअर चालवावे, हा नवख्यांचा पहिला प्रश्न. खानापुरातल्या घराला चारच कॅमेरे लावायचे असतील, तर निःशंकपणे एनव्हीआर घ्या. माणूस आणि गुरे यांतला फरक ओळखण्यात संगणकावरचे चांगले सॉफ्टवेअर सरस ठरते, हे खरे. पण पावसाळ्यात वीज जाऊन आल्यावर तो संगणक पुन्हा सुरू झाला की नाही, हे पाहायला घरात जाणकार माणूस लागतो.

नवखे बहुधा डिस्कच्या हिशेबात चुकतात. ४ एमबीपीएसने (सेकंदाला ४ मेगाबिट) अखंड चित्रण करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी जागा घेतो, म्हणजे चार कॅमेऱ्यांना २ टीबीची डिस्क जेमतेम अकरा दिवस पुरते. यूपीएसवर रेकॉर्डरबरोबर पीओई स्विचही (एकाच केबलमधून कॅमेऱ्यांना वीज आणि नेटवर्क देणारे उपकरण) जोडा, अन्यथा वीज जाताच कॅमेरेच बंद पडतील. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

बेळगावच्या दुकानात कॅमेरे घेताना ते ऑनव्हिफ मानक (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरवलेले) पाळतात ना, एवढे मात्र आवर्जून विचारा. पुढे सॉफ्टवेअरकडे वळलात, तरी बहुधा तेच कॅमेरे वापरता येतील.