वाचकांचे प्रश्न : वॉशिंग्टनच्या फौजेतला पूर्वज कसा शोधायचा?

प्रश्न : आमची सून अमेरिकन आहे. तिच्या माहेरी सांगतात, की त्यांचा एक पूर्वज अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला होता. नाव तेवढं ठाऊक आहे. नातवंडांसाठी खरी हकीकत लिहून ठेवायची आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सुरुवात सुनेपासून करा, शिपायापासून नको. तिचा जन्मदाखला, आईवडिलांचा विवाहदाखला, आजोबांचा मृत्युदाखला असं एकेक पिढी मागे जा. वरून खाली येणारा माणूस नावाला भुलतो आणि भलत्याच घराण्यात शिरतो. पहिला मुक्काम १८५० ची खानेसुमारी. घरातल्या प्रत्येक मुक्त माणसाचं नाव, वय आणि जन्माचं राज्य त्यात पहिल्यांदा लिहिलं गेलं. १७९० ते १८४० पर्यंत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकी सगळे वयोगटांच्या रकान्यांतले आकडे. १८९० ची बहुतेक पानं १९२१ च्या आगीत गेली, त्यामुळे १९०० वरून थेट १८८० गाठावं लागतं.

मग पेन्शनची फाइल. या कामातलं खरं धन तेच. वॉशिंग्टन शहरातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात सुमारे ८० हजार फाइली आहेत. तिथल्या मायक्रोफिल्मचा क्रमांक एम ८०४. एम ८०५ ही मालिकाही दिसेल, पण तिच्यात निवडक पानंच आहेत, तेव्हा फाइल चार-सहा पानांची निघाली तर आधी कोणती मालिका उघडली आहे ते तपासा. क्रमांकाआधी ‘एस’ असेल तर पेन्शन शिपायाला मिळाली, ‘डब्ल्यू’ असेल तर विधवेला, ‘आर’ म्हणजे अर्ज नामंजूर. नामंजूर फाइल टाकून देऊ नका. पुरावा अपुरा पडला म्हणून अर्जदाराने जास्त कागद जोडलेले असतात.

अर्ज कोणत्या कायद्याखाली झाला, ते आधी बघा, कारण आत काय मिळेल ते त्यावर ठरतं. १८१८ च्या कायद्याला कॉन्टिनेंटल आर्मीतली (वॉशिंग्टनच्या हाताखालच्या कायम फौजेतली) नऊ महिन्यांची नोकरी आणि गरिबी, दोन्ही लागत. शिपायाला महिना ८ डॉलर, अधिकाऱ्याला २०. १८२० मध्ये शपथेवर मालमत्तेची यादी मागितली गेली. त्या यादीत गाय, नांगर, भांडीकुंडी, आणि पुष्कळदा बायको-मुलांची नावं वयांसकट सापडतात. १८३२ च्या कायद्याने गरिबीची अट काढली, मिलिशियालाही (गावोगावच्या नागरिकांच्या हंगामी फौजेलाही) घेतलं, सहा महिन्यांची नोकरी पुरेशी ठरली. जन्म कुठे आणि कधी, भरती कुठून, अधिकारी कोण, युद्धानंतर कुठेकुठे राहिलात, असे प्रश्न विचारून कोर्टात जबानी घेत. शिपायाचा सबंध प्रवास या एका जबानीत मिळू शकतो. सन मात्र जपून घ्या. सत्तरी-ऐंशीतला माणूस पन्नास वर्षांपूर्वीचं आठवून सांगत होता. त्याचा सन चुकतो, पण कॅप्टनचं नाव सहसा चुकत नाही.

विधवांच्या फाइली याहून मोलाच्या, कारण त्यांना लग्न सिद्ध करावं लागे. १८३६ मध्ये नवऱ्याची सैन्यातली नोकरी संपण्याआधी लग्न झालेल्या विधवा पात्र ठरल्या, १८३८ मध्ये १७९४ पूर्वीच्या, १८४८ मध्ये १८०० पूर्वीच्या, आणि १८५३ पासून लग्नाच्या तारखेची अटच उरली नाही. लग्नाची नोंद नसली, की बाया घरच्या बायबलमधलं जन्म-मृत्यूच्या नोंदींचं पान फाडून पाठवत. ती पानं आजही त्या फाइलींत आहेत.

प्रश्न : एकाच नावाचे दोन शिपाई सापडले, एक ‘सीनियर’, एक ‘ज्युनियर’. बाप-लेक समजायचं का?

उत्तर : नाही. त्या काळी एका गावात एका नावाचे दोघे असले, की वयाने मोठा तो सीनियर आणि धाकटा तो ज्युनियर. नातं असेलच असं नाही, आणि थोरला वारला की धाकट्याला सीनियर म्हणू लागत. दोघांचे कागद वेगळे करायचे तर प्रत्येकाचं गाव, कॅप्टन, बायको आणि जमीन यांचा स्वतंत्र तक्ता मांडा. ज्या कागदातल्या यांपैकी दोन गोष्टीही एखाद्याच्या तक्त्याशी जुळत नाहीत, तो कोणाच्याच खात्यात टाकू नका. सैन्यातल्या नोकरीची म्हणून जी कार्डं मिळतात, ती १८९० च्या दशकात हजेरीपटांवरून उतरवायला घेतली. मूळ कागद नव्हेत, वाचनाच्या चुका त्यांत आहेत. पेन्सिल्व्हेनियातला जर्मन श्नायडर कारकुनाच्या हातून सहज स्नायडर होतो.

जन्मतारखांचाही घोळ असतो. १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत वर्ष २५ मार्चला सुरू होई आणि कॅलेंडर ११ दिवस मागे होतं. खुद्द वॉशिंग्टनचा जन्म जुन्या गणनेने ११ फेब्रुवारी १७३१, नव्याने २२ फेब्रुवारी १७३२.

प्रश्न : पेन्शनची फाइलच नाही. म्हणजे तो लढला नाही?

उत्तर : तसं होत नाही. तो १८१८ आधीच वारला असेल, मिलिशियात दोनच महिने असेल, किंवा खाऊनपिऊन सुखी असल्याने १८१८ मध्ये अपात्र ठरला असेल. शिवाय ८ नोव्हेंबर १८०० ला युद्धखात्याच्या कचेरीला आग लागून आधीचे अर्ज जळाले. अशा वेळी राज्याच्या अभिलेखागारातले मिलिशियाचे हजेरीपट आणि पगारपत्रकं धुंडाळा. मात्र राज्य त्या काळचं धरा. केंटकी १७९२ पर्यंत व्हर्जिनियात होतं, मेन १८२० पर्यंत मॅसॅच्युसेट्समध्ये.

सैन्यसेवेबद्दल जमीनही मिळे, साध्या शिपायाला १०० एकर. पण पुष्कळांनी तो हक्क सटोडियांना विकला, म्हणून ओहायोत जमीन निघाली तरी तो तिथे राहिला असं धरून चालू नका.

प्रश्न : मुलगे सापडले, मुलींचा पत्ता नाही. लग्नानंतरचं आडनावच माहीत नाही.

उत्तर : मृत्युपत्राच्या पुढे जाऊन काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कोर्टातली खरेदीखतं बघा. बाप वारल्यावर बहिणी आपला हिस्सा एका भावाला विकत. त्या खतात प्रत्येक बहीण, तिचा नवरा, आणि दोघं कुठल्या काउंटीत गेले, हे असतं. खत बापाच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनीही नोंदलेलं सापडतं, म्हणून सूची तेवढी पुढेपर्यंत चाळा, आणि विकणाऱ्यांपेक्षा घेणाऱ्या भावाच्या नावाने चाळा. पेन्शनच्या शेवटच्या हप्त्याच्या पावत्याही मागवा. मृत्यूची तारीख तिथे असते, आणि थकलेली रक्कम मुलांनी उचलली असेल तर त्यांची नावंही. जुन्या मृत्युपत्रातला ‘सन-इन-लॉ’ सावत्र मुलगाही असू शकतो, एवढं लक्षात ठेवा.

‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही संस्था १८९० ची. तिच्याकडे वंशजांचे अर्ज आहेत, पण सुरुवातीच्या दशकांतले अर्ज आजच्याइतके काटेकोर तपासले जात नसत. त्यातून फक्त सुगावा घ्या, पुरावा स्वतः काढा.

शिपाई १८४० मध्ये हयात असेल, तर त्या वर्षीच्या खानेसुमारीची पेन्शनरांची यादी १८४१ मध्ये छापली गेली आहे. तीत पेन्शनरचं वय आहे आणि तो कोणाच्या घरी राहत होता त्या कुटुंबप्रमुखाचं नावही. आडनाव वेगळं दिसलं, तर हा जावई असेल का, हे त्या काउंटीच्या विवाहनोंदींत आधी तपासा.