अमेरिकेतून कॅनडात कायमचं राहायला जाताना गाडी आणि घरसामान सीमेवरून कसं न्यायचं?

तुम्ही विचारलंय की कॅनडाचा पीआर (कायम राहण्याची परवानगी) मिळाल्यावर न्यू जर्सीहून टोरांटोला जाताना गाडी न्यावी की विकावी आणि सामान स्वतः ट्रकने न्यावं की मूव्हर्सना द्यावं. त्यावर लिहीनच. पण मी लिहायला बसले ती तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. "तिकडचे नातेवाईक म्हणतात की अमेरिका सोडताना कोणी काही विचारत नाही, सरळ पूल ओलांडायचा. हे खरं आहे का?"

नाही. हेच वाक्य ऐकून आम्ही पाच रात्री सीमेलगतच्या बफेलोच्या एका मोटेलात काढल्या आहेत, भरलेला ट्रक दारात उभा करून.

२०१९ची गोष्ट. एक्स्प्रेस एन्ट्रीचा, म्हणजे कॅनडाच्या पीआरचा, अर्ज माझ्या नावावर होता, त्यामुळे कागदपत्रांचं सगळं काम मीच केलं होतं. ऑगस्टमध्येच मी वाचलं होतं की वापरलेली गाडी अमेरिकेबाहेर कायमची न्यायची असेल तर ज्या नाक्यावरून जाणार तिथल्या अमेरिकन कस्टम्सकडे निदान ७२ तास आधी तिची कागदपत्रं द्यावी लागतात. मूळ टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) दाखवावं लागतं आणि एईएस या सरकारी प्रणालीत निर्यातीची नोंद करावी लागते. नोंद झाली की एक्स अक्षराने सुरू होणारा आयटीएन क्रमांक मिळतो. मी हे सगळं छापून फ्रिजवर लावलं होतं.

तेवढ्यात टोरांटोहून माझ्या दिरांचा फोन आला. आम्ही बफेलोच्या ज्या पुलावरून जाणार होतो, त्याच पुलावरून ते २००९ मध्ये गेले होते. "वहिनी, आम्ही तर गाडीतून उतरलोसुद्धा नव्हतो. अमेरिका सोडताना कोण बसलंय विचारायला?" नवऱ्याला भावाचं पटलं. दादा तिथे दहा वर्षं राहतोय, त्याला माहीत असणार. मी दोन दिवस वाद घातला आणि मग सोडून दिलं. खोकी भरायची होती, मुलाची शाळा सोडवायची होती, घर रिकामं करून द्यायचं होतं. तो वाद मी सोडायला नको होता, हे मला आजही लागतं.

भाऊजींना जे माहीत नव्हतं ते असं: २०१४ पासून वापरलेल्या गाडीची एईएस नोंद बंधनकारक आहे, मग तिची किंमत कितीही असो. दहा वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून सल्ला देणाऱ्या माणसाने निदान "तेव्हा असं होतं" एवढं तरी म्हणावं.

ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी संध्याकाळी आम्ही बफेलोला पोचलो. नवरा ट्रक चालवत होता, मी मुलाला घेऊन गाडीत मागे. कॅनडात नेणारा पूल, पीस ब्रिज, तिथून दहा मिनिटांवर. नवरा म्हणाला, आजच ओलांडू. मी म्हटलं, मी निर्यातीच्या ऑफिसात विचारल्याशिवाय हलणार नाही. आणि ते ऑफिस संध्याकाळी बंद असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा: पूल चोवीस तास उघडा असला तरी गाड्यांच्या निर्यातीची खिडकी चोवीस तास उघडी नसते. काही लहान नाक्यांवर ती सोयच नसते. निघण्याआधी नाक्यावर फोन करून वेळ विचारा.

शुक्रवारी सकाळी खिडकीवरच्या बाईंनी टायटल पाहिलं, आयटीएन मागितला. तो नव्हताच. त्या शांतपणे म्हणाल्या, नोंद करा, ७२ तास होऊ द्या, मग या. चिडल्या नाहीत, दमही दिला नाही. मध्ये शनिवार-रविवार. म्हणजे आता मंगळवार.

तुम्ही म्हणाल, मग सामान आधी पलीकडे टाकायचं, गाडी नंतर येऊन न्यायची. नवराही तेच म्हणाला. इथेच एच-१बीवाले, म्हणजे आमच्यासारखे अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेले, फसतात, म्हणून हे नीट वाचा. नवऱ्याची नोकरी ३० सप्टेंबरला संपली होती. नोकरी संपल्यावर अमेरिकेत थांबायला ६० दिवसांची मुदत मिळते, पण ती थांबण्यासाठी असते, बाहेर जाऊन परत येण्यासाठी नाही. आमच्या पासपोर्टवरचे व्हिसाचे शिक्के तर कधीच संपलेले. जुन्या आय-९४ वर (अमेरिकेत शिरल्याची आणि थांबायच्या मुदतीची नोंद) कॅनडातून ३० दिवसांच्या आत परत येता येतं हे तुम्ही ऐकलं असेल. पण ते ज्याचं स्टेटस चालू आहे आणि जो परत येऊन तेच काम करणार आहे त्याच्यासाठी आहे. आपण नोकरी सोडून, घर मोडून निघालेले. आणि कॅनडाचा पीआर हातात आला म्हणून भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत मोकळेपणाने येता येत नाही. एकदा पूल ओलांडला की मागे राहिलेली गाडी मागेच राहिली असती.

म्हणून थांबलो. पहिल्या रात्री नवरा ट्रकच्या केबिनमध्ये झोपला, कारण मागे आमचं अख्खं घर होतं. ट्रकचं भाडं दिवसामागे वाढत होतं. मुलगा सहा वर्षांचा, त्याची सायकल ट्रकच्या पार तळाशी. रविवारी भाऊजींचा पुन्हा फोन. "कॅनडाचा माणूस गाडीच्या टायटलवरचा अमेरिकेचा शिक्का बघतच नाही. उगाच घाबरताय तुम्ही." नवरा माझ्याकडे बघत होता. त्या क्षणी तो हो म्हणाला असता तर आम्ही निघालोही असतो. मी फोन घेतला आणि म्हटलं, भाऊजी, प्रश्न कॅनडाच्या माणसाचा नाही. नोंद न करता गाडी नेली तर अमेरिका दंड करू शकते, आणि पुढे कधी अमेरिकेचा व्हिसा मागायची वेळ आली तर मला तिथे खोटं बोलायचं नाही. त्यांनी फोन ठेवला. तेव्हापासून आमच्यात या विषयावर जे सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही.

नोंद आम्ही एका ब्रोकरकडून करून घेतली. स्वतः करायला गेलात तर कळेल की तिथे सोशल सिक्युरिटी नंबर चालत नाही, ईआयएन हा वेगळा क्रमांक लागतो. तो अमेरिकेच्या कर खात्याकडून, आयआरएसकडून मिळतो, पण आधीच काढून ठेवा.

माझी एकच गोष्ट वेळेवर झाली होती, टायटलची. गाडीचं लोन आम्ही उन्हाळ्यात फेडलं होतं, तरी टायटलवर बँकेचा लिअन (कर्जापोटी गाडीवरचा हक्क) छापलेलाच होता. बँकेकडून लिअन सुटल्याचं पत्र मी मागून मागून मिळवलं होतं. ते नसतं तर मंगळवारीही सुटलो नसतो. लोन चालू असेल तर गाडी देशाबाहेर नेण्याची बँकेची लेखी परवानगी लागते. लीजची गाडी असेल तर विचारच सोडा. ती तुमची नाही, त्यामुळे कॅनडाही ती तुमचं घरसामान म्हणून करमुक्त धरणार नाही.

त्या पाच रात्रींत मी सामानाची यादी पुन्हा लिहिली. आधीची होती, पण ती "स्वयंपाकघर, ६ खोकी" अशा थाटाची. आता प्रत्येक खोक्याला क्रमांक, त्यात काय आहे, अंदाजे किंमत कॅनडाच्या डॉलरमध्ये. शिलाई मशीन, लॅपटॉप, टीव्ही यांचे मॉडेल आणि सीरियल नंबर. दागिन्यांचे फोटो आणि मूल्यांकनाचे कागद वेगळ्या पाकिटात. भांडी-कपडे एकत्र मोघम लिहिले तरी चालतात, पण ज्याला सीरियल नंबर आहे ते वेगळंच लिहा.

आणि दुसरी यादी, मागाहून येणाऱ्या सामानाची. हिच्याबद्दल कोणी सांगत नाही. जे तुमच्या मालकीचं आहे, तुम्ही वापरलेलं आहे, पण आज तुमच्यासोबत नाही, ते सगळं लँडिंगच्या वेळीच, म्हणजे पीआर म्हणून कॅनडात पहिल्यांदा शिरताना, या यादीत लिहून द्यायचं. नंतर आठवलं तर उपयोग नाही. माझी हार्मोनियम आणि पुस्तकांची चार खोकी माहेरी होती, ती मी लिहिली. दोन वर्षांनी समुद्रमार्गे आली तेव्हा शिक्का मारलेला तोच कागद दाखवला आणि एक डॉलरही कर लागला नाही. भाऊजींनी २००९ मध्ये अशी यादी दिली नव्हती. "कोण बघतंय" म्हणून. त्यांचं भारतातलं सामान आलं तेव्हा त्यांनी कर भरला. हे मला जाऊबाईंनी सांगितलं, त्यांनी नाही.

मंगळवारी सकाळी टायटलवर शिक्का मिळाला आणि तासाभरात आम्ही पुलापलीकडे, कॅनडातल्या फोर्ट एरीला होतो. आधी इमिग्रेशन. सीओपीआरवर (पीआर मंजूर झाल्याचा कागद) सह्या, पैशांबद्दल प्रश्न. १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा जास्त रोख, चेक, ड्राफ्ट काहीही सोबत असेल तर सांगायचंच. नेण्यावर बंदी नाही, लपवण्यावर आहे. १०,००० अमेरिकन डॉलरच्या वर असेल तर बाहेर पडताना अमेरिकेलाही कळवायचं. मग कस्टम्स. बीएसएफ१८६ हा घरसामान नोंदवायचा फॉर्म आणि माझी यादी, दोन प्रतींत. अधिकाऱ्याने पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, शिलाई मशीन कुठल्या खोक्यात आहे? मी म्हटलं, सतरा. त्याने ट्रक उघडायला लावला नाही. चाळीस मिनिटांत सगळं झालं. निघताना म्हणाला की अशी यादी फार कमी लोक आणतात. मला त्या वाक्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

गाडीसाठी तिथेच फॉर्म १, म्हणजे गाडी आयात केल्याचा फॉर्म, मिळतो. त्यानंतर आरआयव्हीचं (बाहेरून आणलेल्या गाड्यांच्या नोंदणीची कॅनडाची योजना) शुल्क भरायचं, कंपनीकडून गाडीचा एकही रिकॉल बाकी नसल्याचा कागद द्यायचा आणि ४५ दिवसांत ठरलेल्या केंद्रात तपासणी करून घ्यायची. तुमचं मॉडेल कॅनडात आणता येतं की नाही हे ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या यादीत आत्ताच पाहून घ्या, अमेरिकेतली प्रत्येक गाडी चालत नाही. गाडी १५ वर्षं किंवा त्याहून जुनी असेल तर आरआयव्ही लागत नाही. आमच्या गाडीला दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे नव्हते, ते बसवून घ्यावे लागले. आणि अमेरिकेतल्या विमा कंपनीकडून आजवरच्या क्लेमचं पत्र आणि मोटार खात्याकडून ड्रायव्हिंग रेकॉर्ड घेऊन या. ऑन्टारिओत विमा महाग आहे, आणि जुना अनुभव कागदावर दाखवता आला नाही तर तुम्हाला नवशिक्यासारखं धरतात.

तर गाडी न्यावी की विकावी? न्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ओळखीची, कर्ज फिटलेली, सांभाळून वापरलेली गाडी केवळ कागदांच्या कंटाळ्याने विकणं मला पटत नाही. नव्या देशात पहिल्या महिन्यात गाडी शोधत फिरणं, तेही तिथली क्रेडिट हिस्ट्री नसताना, याहून मोठा ताप नाही. पण गाडीवर लोन बाकी असेल, किंवा मॉडेल यादीत नसेल, तर विका. आणि करमुक्त आणलेली गाडी वर्षभराच्या आत विकली तर कर भरावा लागतो. वर्षभरात बदलायचीच असेल तर नेण्यात अर्थ नाही.

भाऊजींच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. कॅनडाच्या अधिकाऱ्याने अमेरिकेचा शिक्का खरंच पाहिला नाही. तेवढं त्यांचं बरोबर निघालं, आणि तेवढंच ते सगळ्यांना सांगतात. तुमचे नातेवाईकही बहुधा तेवढंच सांगत असतील. शिवाय नियम बदलतात. मी सांगतेय ती २०१९ मधली प्रक्रिया आहे, तुम्ही निघण्याआधी दोन्ही देशांच्या कस्टम्सकडे स्वतः विचारा.

मूव्हर्सचं राहिलंच. आम्ही ट्रक केला म्हणून यादी आणि सामान एकत्र होतं, प्रश्न विचारला तर तिथेच उत्तर देता आलं. मूव्हर्सचा ट्रक मागून येणार असेल तर आधी तुमचं लँडिंग व्हायला हवं आणि सामान सोडवायला पुन्हा कस्टम्समध्ये जावं लागतं. सामान दोन खोल्यांचं असेल तर ट्रक, मोठं घर असेल तर मूव्हर्स. ट्रक भाड्याने घेताना तो कॅनडात सोडायचा आहे हे करारात लिहून घ्या, सगळे तशी परवानगी देत नाहीत. आणि आज रात्रीच टायटल काढून बघा. त्यावर बँकेचं नाव दिसलं तर उद्या सकाळचा पहिला फोन बँकेला.