ठोके चालू होते, मग दाजी गेले कसे?

प्रश्न: दाजी बाईकवरून पडले, डोक्याला मार लागला. आयसीयूत डॉक्टर म्हणाले ब्रेन डेड आहेत, आणि लगेच अवयवदानाचं विचारलं. मॉनिटरवर ठोके दिसत होते, हात गरम होता. ताईने नाही म्हटलं. तरी मशीन चालूच ठेवलं, आणि नर्स म्हणाली की व्हेंटिलेटर काढला की जातील. मग तेव्हा ते होते की नव्हते? ताई अजून हेच विचारते.

उत्तर: ब्रेन डेड म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबलेलं, म्हणजे मृत्यूच. त्याच्या दोन्ही वेळच्या टेस्ट होऊन तसं ठरलं असेल तर नव्हते. नर्सचं वाक्य चुकीचं होतं, पण असं सर्रास बोललं जातं. हृदयाला धडधडायला मेंदू लागत नाही, त्याची स्वतःची यंत्रणा असते, व्हेंटिलेटर ऑक्सिजन पुरवतोय तोवर ते काही काळ चालतं आणि अंगही गरम राहतं. कोमा वेगळा, त्यात मेंदू थोडाफार जिवंत असतो.

अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं बोर्ड तपासतं, निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा, आणि ट्रान्सप्लांट करणारा डॉक्टर त्यात चालत नाही. ॲप्निया टेस्टमध्ये ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर बाजूला करतात, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढू देतात आणि पेशंट स्वतःहून एक तरी श्वास घेतो का ते बघतात. माझं तर मत आहे की घरच्यांची तयारी असेल तर ही टेस्ट त्यांच्यासमोरच करावी, शंभर शब्दांनी पटत नाही ते तिथे दिसतं.

अवयवदानाचं विचारणं कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे विचारलं यात चूक नाही, पण आधी "मृत्यू झालाय" असं स्पष्ट सांगून थांबायला हवं होतं, घरच्यांना रडू द्यायचं, आणि दुसरा विषय नंतर, तोही ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरला (अवयवदानाबद्दल घरच्यांशी बोलणारी व्यक्ती) सोबत घेऊन. "ब्रेन डेड" म्हटलं की लोकांना वाटतं फक्त मेंदू गेलाय, माणूस आहे.

आणि मशीन चालू का ठेवलं? आपल्याकडे ब्रेन डेथ अवयवदानाच्याच कायद्यात आहे, म्हणून नकार आला की बरेच डॉक्टर व्हेंटिलेटर काढायला कचरतात. घरच्यांना वाटतं मशीन चालू म्हणजे जीव आहे, त्यांचं काय चुकलं! केरळने २०२० मध्ये ब्रेन डेथ ठरवण्याचे वेगळे नियम काढले, अवयवदान होवो न होवो.

ताईंचा नकार हा त्यांचा हक्कच होता. केस पेपरची कॉपी मागा, लेखी अर्ज दिला की ७२ तासांत मिळायला हवी. त्यात फॉर्म १० (ब्रेन डेथचं प्रमाणपत्र) असेल, दोन्ही टेस्टच्या वेळा आणि चारही डॉक्टरांच्या सह्या असतील, तर दुसऱ्या टेस्टची वेळ हीच दाजींच्या मृत्यूची वेळ. फॉर्मच नसेल तर बोर्डाने तपासलं होतं का, हे हॉस्पिटललाच लेखी विचारा.