आमचा लॅब्रॅडोर 12 वर्षांचा झालाय. उठताना त्रास होतो, रात्रभर घरात फिरतो, घरातच शू करतो. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की डॉक्टर म्हणाले वय झालंय, आई म्हणतात इंजेक्शन देऊन सोडवा बिचाऱ्याला, शेजारचे म्हणतात गावाकडे मळ्यात नेऊन सोडा, आणि तुम्हाला स्वतःला वाटतंय की सोबतीला एखादं पिल्लू आणलं तर तो जरा तरतरीत होईल का. सगळ्याचं उत्तर देते, पण आधी एक सांगते की "वय झालंय" एवढ्यावर थांबू नका प्लीज. आमचा गोट्या पण लॅबच होता, चौदाव्या वर्षी गेला, शेवटची काही वर्षं त्याचं सगळं घरीच केलं आम्ही, आणि आता एक गावठी कुत्री आहे तीही म्हातारी झालीय. तुम्ही जी लक्षणं लिहिलीत त्यातली बरीचशी दुखण्यामुळे किंवा एखाद्या आजारामुळे असू शकतात आणि त्यावर इलाज असतो.

लोक वयाला सातने गुणतात आणि 84 वर्षांचा म्हातारा म्हणून हात टेकतात. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये 104 लॅब्रॅडोरच्या डीएनएवरून एक हिशोब मांडला होता, त्यात 12 वर्षांचा लॅब माणसाच्या सत्तर-एकाहत्तर वर्षांच्या आसपास येतो. सत्तरीच्या आजोबांचे गुडघे दुखले तर आपण त्यांना वय झालंय म्हणून कोपऱ्यात बसवून ठेवतो का, डॉक्टरकडे नेतोच ना.

आता उठायच्या त्रासाबद्दल. तो उठताना नीट बघा. पुढचे पाय रोवून छाती उचलतो आणि मागचं धड तसंच राहतं, मग मागचे पाय टाईल्सवर सरकतात, परत बसतो, परत प्रयत्न करतो, असं होत असेल तर लॅबमध्ये हे बहुतेक वेळा कमरेच्या खुब्याचं किंवा गुडघ्याचं दुखणं असतं, संधिवात. आणि मागच्या पायाची मधली दोन नखं वरच्या बाजूने घासली गेलीत का तेही बघा. तसं असेल तर तो पंजा फरफटवत चालतोय, म्हणजे सांध्यांबरोबर नसांचाही भाग असू शकतो, हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा. आणि उठतानाचा, चालतानाचा मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या, कारण दवाखान्यात गेल्यावर घाबरून कुत्रा एकदम ताठ चालतो आणि डॉक्टरांना काही दिसतच नाही.

दुखण्यावर कुत्र्यांसाठीच्या गोळ्या आहेत, मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन वगैरे, त्या डॉक्टरच देतील आणि देण्याआधी किडनी-लिव्हरची ब्लड टेस्ट करायला सांगा, त्यांनी नाही सांगितली तर तुम्ही मागा. आधीपासून स्टेरॉइड चालू असेल तर तेही सांगा, ती दोन्ही एकत्र चालत नाहीत. आणि हे अगदी हात जोडून सांगते, घरातली आपली गोळी देऊ नका. ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅक, काही नाही. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते. "अर्धीच दिली होती" असं म्हणणारे लोक मी दवाखान्यात सलाईन लावलेल्या कुत्र्याशेजारी बसलेले बघितलेत.

गोळीइतकाच फरक फरशीने पडतो. आपल्याकडे सगळीकडे गुळगुळीत टाईल्स, म्हाताऱ्या कुत्र्याला त्याच्यावर उभं राहणं म्हणजे बर्फावर उभं राहणं. त्याच्या झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत रबरी मॅट नाहीतर जुन्या योगा मॅट टाका, सतरंजी टाकली तर ती सरकते म्हणून खाली रबर हवंच. पंजाच्या गाद्यांमधले केस कापा, नखं कापा, कमी चालणं झालं की नखं झिजत नाहीत आणि त्यानेही घसरतो. जिना असेल तर पोटाखालून, मागच्या पायांच्या जरा पुढे, एक लांब टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरायची आणि त्याला थोडा आधार द्यायचा, उचलायचं नाही, वजन थोडं कमी करायचं फक्त. नर आहे तर टॉवेल शूच्या जागेवर दाबणार नाही एवढं बघा.

वजनाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीये आणि लॅब म्हटलं की मला तीच शंका येते. बरगड्यांवरून हात फिरवा, हलक्या हाताला बरगड्या लागल्या पाहिजेत. अमेरिकेत 48 लॅब्रॅडोर जन्मभर पाळून एक अभ्यास झाला होता, 2002 मध्ये तो छापून आला. एकाच विणीतल्या जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारे सरासरी 13 वर्षं जगले, दुसरे 11.2, आणि सांधे दुखायलाही त्यांना उशिरा लागले. इतका मोठा फरक कुठल्या टॉनिकने पडेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे होतं काय की जेवण मोजून देतात आणि मग आजी एक पोळी देते, चहाबरोबर दोन बिस्किटं, मुलं ताटातलं देतात, आणि कोणालाच ते मोजायचं सुचत नाही. म्हणून घरातल्या सगळ्यांना बसवून एकदाच सांगा. प्रोटीन मात्र किडनीचा प्रॉब्लेम निघाल्याशिवाय कमी करू नका, म्हाताऱ्या कुत्र्याचे स्नायू आधीच उतरत असतात आणि नुसत्या दूध-पोळीवर ते अजून उतरतात. चिकन, अंडं, थोडा भात, शिजवलेला लाल भोपळा, हे चांगलं. कांदा-लसूण घातलेला रस्सा नको. आणि प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे तर अजिबात नको, बेदाणे-मनुक्यांनी कुत्र्याची किडनी फेल होऊ शकते हे फार लोकांना माहीतच नसतं.

शू चं काय ते नीट शोधायला लागेल, कारण "घरात शू करतो" यात तीन-चार वेगळ्या गोष्टी असू शकतात. झोपेतून उठल्यावर अंथरूण ओलं असतं आणि त्याला पत्ताच नसतो, ही एक. त्याला कळतं, दाराकडे निघतो, पण पोचेपर्यंत होऊन जाते, ही दुसरी, हिचं मूळ परत पायातच आहे. तिसरी म्हणजे पाणीच खूप पितोय. हे मोजता येतं, सकाळी बाटलीने मोजून भांडं भरा आणि दिवसभर किती लागलं ते लिहा, किलोमागे 100 मिलीच्या वर जात असेल, म्हणजे 30 किलोच्या कुत्र्याला तीन लिटरच्या वर, तर किडनी, शुगर, कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त होण्याचा आजार) यातलं काहीतरी तपासायलाच हवं. आणि नसबंदी केली नसेल तर प्रोस्टेट. म्हाताऱ्या नरांची ती बहुतेक वेळा वाढलेलीच असते, मग शूमध्ये रक्त येतं, शी करताना कुंथतो. तुम्ही फक्त तो नर आहे एवढंच लिहिलंय म्हणून सांगितलं. (हे वाचणाऱ्या कोणाकडे नसबंदी न केलेली म्हातारी कुत्री असेल आणि ती माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊन मलूल पडली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, गर्भाशयात पू होतो, त्यात जीव जातो.) त्याला रागावू नका, तो मुद्दाम करत नाही, आणि रागावलं की लपून करायला लागतो, मग तुम्हाला काही कळतच नाही.

रात्रीचं फिरणं. इथे दोन शक्यता आहेत, एक तर दुखतंय म्हणून एका कुशीवर फार वेळ पडवत नाही, आणि दुसरी म्हणजे डोक्यानेच जरा हरवायला लागलाय, माणसांना अल्झायमर होतो तसलंच कुत्र्यांनाही होतं. कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे बघत उभा राहतो, दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन उघडायची वाट बघतो, दिवसा झोपतो रात्री जागतो, ओळखीच्या माणसाकडे येत नाही, अशा खुणा असतात. गोट्या शेवटी शेवटी सोफ्याच्या मागे शिरायचा आणि त्याला मागे वळून बाहेर यायचं कसं हे आठवायचं नाही, तिथेच उभा राहून हळू आवाजात कण्हायचा, आम्ही सोफा भिंतीला चिकटवून टाकला. आधी दुखण्याचा इलाज करून बघा, त्याने झोप लागली तर प्रश्न मिटला. नाही लागली तर सेलेजिलिन म्हणून एक गोळी आहे, मुळात पार्किन्सनची, कुत्र्यांच्या या आजारासाठीही देतात, डॉक्टरांना विचारा, फक्त ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा कारण ती दोन्ही एकत्र द्यायची नसतात. घरात रात्री एक मंद दिवा ठेवा, सामान हलवू नका, जेवणाची फिरण्याची वेळ बदलू नका, आणि संध्याकाळी थोडं फिरवून, थोडं वासाचं काम देऊन त्याला दमवा, म्हणजे टॉवेलमध्ये खाऊ गुंडाळून शोधायला लावायचं.

डोळे निळसर दिसतात म्हणून मोतीबिंदू असं धरून चालू नका, म्हातारपणी भिंग घट्ट होऊन निळसर झाक येते आणि त्याने फारसं काही बिघडत नाही, पांढरं फटक दिसायला लागलं तर मात्र दाखवा. कानाने कमी ऐकू येत असेल तर झोपेत मागून जाऊन हात लावू नका, जमिनीवर पाय आपटा म्हणजे हादऱ्याने जागा होईल, आणि हे घरातल्या लहान मुलांना आधी शिकवा. अजून एक, भुंकण्याचा आवाज बसल्यासारखा, घोगरा झालाय का? म्हाताऱ्या लॅबमध्ये घशाचे स्नायू लुळे पडतात, श्वास घेताना घरघर होते, आणि मग उन्हाळ्यात अशा कुत्र्याला अंग थंड करता येत नाही. तसं असेल तर गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस घाला, आणि मार्च ते जून फक्त पहाटे आणि रात्री बाहेर काढा. शांत झोपलेला असताना मिनिटाला श्वास किती होतात ते अधूनमधून मोजत जा, 30 च्या वर सारखे यायला लागले तर छाती, हार्ट तपासून घ्या.

आता डॉक्टर. तुमचे डॉक्टर वाईट आहेत असं मी म्हणत नाही, पण हात न लावता वय झालंय म्हणाले असतील तर दुसऱ्यांना दाखवा. मुंबईत परळचं जुनं प्राण्यांचं हॉस्पिटल आहे, 2024 पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं सुरू झालंय, नागपूरला आणि सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय कॉलेज आहे. जाताना ब्लड टेस्ट, युरीन, खुब्याचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी एवढं तरी करायचंय असं ठरवूनच जा.

मळ्यात सोडण्याबद्दल. नका. बारा वर्षं घरात झोपलेला, पाय न चालणारा कुत्रा तिथल्या कुत्र्यांच्या तावडीत दोन दिवस टिकणार नाही, आणि तो तिथे नवं घर बघणार नाही, तुम्ही परत याल म्हणून वाट बघत बसेल. पाळलेलं जनावर असं सोडून देणं 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या कायद्याने गुन्हा पण आहे. दंड पहिल्या वेळेला 10 ते 50 रुपये आहे, त्यामुळे कायद्याला कोणी घाबरत नाही, याची मला मनापासून चीड येते.

आणि आई म्हणतात त्याबद्दल. त्यांना त्याचे हाल बघवत नाहीत म्हणूनच म्हणतात, त्यांच्यावर चिडू नका. पण तुम्ही लिहिलंय तो खातो, तुम्ही आलात की शेपूट हलवतो, मग दुखणं तपासल्याशिवाय हा निर्णय घेऊ नका. अ‍ॅलिस विलालोबोस नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी एक तक्ता केलाय, दुखणं, खाणं, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी मार्क द्यायचे, बेरीज 35 च्या वर असेल तर अजून जगणं बरं चाललंय असं धरायचं. आई आणि तुम्ही वेगवेगळे मार्क द्या आणि मग बोला, भांडण कमी होतं. जेव्हा औषधानेही दुखणं थांबणार नाही, खाणं सुटेल, उठणं पूर्ण बंद होईल, तेव्हा इंजेक्शन देणं हे प्रेमच आहे, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही, आम्हीही गोट्यासाठी तेच केलं. घरी येणारे डॉक्टर शोधून ठेवा, आधी गुंगीचं इंजेक्शन देऊन मगच दुसरं देतात ना हे विचारून घ्या. नंतरची सोयही आधीच बघून ठेवा, महापालिकेत चौकशी करा, शेतात पुरणार असाल तर खोल खड्डा घ्या, कारण त्या औषधाने ते शरीर उकरून खाणारी बाकीची जनावरं मरू शकतात.

पिल्लू मात्र आत्ता नको. पिल्लू दिवसभर त्याच्या कानाला लटकणार, दुखऱ्या कमरेवर उड्या मारणार, तो गुरगुरला की घरचे त्यालाच ओरडणार. आणि तुमच्या घरात वेळ आणि पैसा दोन्ही सध्या त्याला लागणार आहे. गोळ्या सुरू होऊन तो नीट चालायला-झोपायला लागला आणि तरीही आणायचंच असेल तर पिल्लाऐवजी एखादं शांत, चार-पाच वर्षांचं गावठी कुत्रं दत्तक घ्या, आधी बाहेर रस्त्यावर दोघांना बरोबर फिरवून बघा, आणि जेवण दोघांना वेगवेगळ्या खोलीत द्या.