नव्या राउटरला जुना फोन लागत नाही? कुठे अडतोय ते आधी पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फायबरचं नवं कनेक्शन आलं, जुना राउटर काढून नवा बसवला, वायफायचं नाव आणि पासवर्ड मात्र जुनेच ठेवले. घरातले बाकीचे फोन लगेच लागले. आईंचा अँड्रॉइड ८ वाला फोन 'सेव्ह्ड' दाखवून थांबतो, मधूनच पासवर्ड चुकीचा आहे म्हणतो. दुकानदाराने फॅक्टरी रीसेट करायला सांगितलंय.

फॅक्टरी रीसेट करू नका. बॅकअप नसेल तर आईंचे फोटो आणि व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं जाईल, आणि अडचण राउटरच्या सेटिंगमध्ये असेल तर ती जशीच्या तशी राहील. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून ती तिथेच असण्याची शक्यता जास्त वाटते.

आधी पाच मिनिटांची एक चाचणी करा. घरातल्या दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करा, त्याचा बँड (म्हणजे लहरींचा पट्टा; वायफायचे नेहमीचे दोन, २.४ आणि ५) २.४ गिगाहर्ट्झ आणि सिक्युरिटी (पासवर्ड पडताळण्याची पद्धत) डब्ल्यूपीए२ ठेवा. हॉटस्पॉट आयफोनचा असेल तर 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' चालू करा. आईंचा फोन त्याला जोडून बघा. जोडला गेला तर फोनचं वायफाय ठणठणीत आहे, मोर्चा राउटरकडे वळवा. हॉटस्पॉटलाही लागला नाही तर शेवटी हार्डवेअरबद्दल लिहिलंय ते वाचा.

फोन वायफायला लागतो तो चार टप्प्यांत. आधी नाव दिसतं, मग पासवर्डची पडताळणी होते, मग राउटर फोनला आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) देतो, आणि शेवटी फोन बाहेर इंटरनेट पोचतंय का ते तपासतो. स्क्रीनवरचा संदेश नीट वाचला तर गाडी कोणत्या टप्प्यावर अडलीय ते कळतं. तुमची दुसऱ्यावर अडलीय, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

हल्लीच्या बऱ्याच राउटरवर डब्ल्यूपीए३ ही डब्ल्यूपीए२ च्या पुढची सिक्युरिटी असते. अँड्रॉइडमध्ये तिची सोय आली ती आवृत्ती १० पासून, आणि तेव्हाही फोनच्या चिपने साथ दिली तरच. आईंच्या फोनला ती भाषाच कळत नाही, त्यामुळे पासवर्ड अक्षरन् अक्षर बरोबर असला तरी पडताळणी फसते आणि फोन खापर पासवर्डवर फोडतो. राउटरवर 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स्ड' असेल तर जुने फोन चालायला हवेत, पण त्यातले काही तिथेही अडखळतात. त्यात नाव जुनंच ठेवल्यामुळे फोनमध्ये जुन्या राउटरची नोंद शिल्लक आहे, आणि तिच्यात सिक्युरिटीचा प्रकारही साठवलेला असतो. नाव जुळतं, प्रकार जुळत नाही, म्हणून 'सेव्ह्ड' लिहून फोन गप्प बसतो.

करायचं असं. लागलेल्या एखाद्या फोनवर वायफायच्या तपशिलात 'गेटवे' म्हणून जो पत्ता दिसतो तो ब्राउझरमध्ये टाका. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरला १९२.१६८.२९.१. (टाइप करताना अंक इंग्रजीच हवेत.) लॉगिनचं नाव आणि पासवर्ड बहुधा राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या स्टिकरवर असतात, बदललेले असतील तर बसवून गेलेल्या माणसाला विचारा. आत 'वायरलेस' किंवा 'डब्ल्यूलॅन' मध्ये जाऊन २.४ गिगाहर्ट्झच्या पानावर सिक्युरिटी 'डब्ल्यूपीए२-पीएसके', एन्क्रिप्शन 'एईएस' निवडा. 'टीकेआयपी' किंवा 'डब्ल्यूईपी' कधीही निवडू नका, ते जुने आणि फोडायला सोपे आहेत. 'पीएमएफ' किंवा 'प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स' असा पर्याय दिसला आणि तो 'रिक्वायर्ड' असेल, तर 'ऑप्शनल' करा. सेव्ह करून राउटर रीस्टार्ट करा.

त्याच पानावर असताना दोन्ही बँडना वेगळी नावं द्या, म्हणजे ५ गिगाहर्ट्झच्या नावापुढे '५जी' वगैरे काहीतरी. 'बँड स्टीअरिंग' किंवा 'स्मार्ट कनेक्ट' चालू असेल तर ते आधी बंद करावं लागेल. एकाच नावाखाली दोन्ही बँड ठेवले की कोणाला कुठे ढकलायचं ते राउटर ठरवतो आणि जुने फोन त्यात हेलपाटे खातात. नावं वेगळी केली की ५ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए३ ठेवून नवे फोन तिकडे, आणि २.४ वर डब्ल्यूपीए२ ठेवून आईंचा फोन इकडे, अशी वाटणी करता येते. सुरक्षा सगळ्या घरासाठी उतरवण्यापेक्षा मला हीच व्यवस्था पटते.

आता फोनवर या. वायफायच्या यादीत त्या नावावर बोट दाबून धरा, 'फरगेट' करा, फोन एकदा रीस्टार्ट करा आणि नव्याने जोडा. पासवर्ड टाकताना डोळ्याचं चिन्ह दाबून तो दिसू द्या. दोन गोष्टी हमखास नडतात: कीबोर्ड पहिलं अक्षर परस्पर कॅपिटल करतो, किंवा शेवटी एक स्पेस राहते. आईंच्या फोनवर मराठी कीबोर्ड असेल तर अंक देवनागरी पडत नाहीत ना तेही पाहा. वायफायच्या पासवर्डला इंग्रजी अक्षरं, अंक आणि चिन्हंच लागतात, ८ ते ६३ या मर्यादेत.

वायफायचं नाव मराठीत ठेवलं असेल तर तेही तात्पुरतं बदलून पाहा. नावाची मर्यादा ३२ बाइटची असते आणि देवनागरीचं एकेक अक्षर, प्रत्येक काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेतं. म्हणजे दहाच चिन्हं बसतात. काही जुन्या फोनवर असं नाव भलत्याच खुणांनी दिसतं.

राउटरवर 'मॅक फिल्टर' (यादीतल्या मॅक पत्त्यांनाच, म्हणजे उपकरणाच्या ओळख क्रमांकांनाच, आत घेणारी सोय) लावलेलं असेल तरीही पडताळणीतच नकार येतो. आईंच्या फोनपुरतं त्याचा एकच कायमचा मॅक पत्ता यादीत घातला की काम होतं. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन मात्र प्रत्येक नेटवर्कला आपणहून बनवलेला वेगळा मॅक देतात, त्यामुळे खोक्यावरचा मॅक यादीत घालून उपयोग नसतो. घरासाठी हे फिल्टर मुळात ठेवूच नये असं माझं मत आहे; मनस्ताप भरपूर आणि संरक्षण जवळपास शून्य.

बाकीचे टप्पे आता भराभर.

नावच दिसत नसेल तर बँड तपासा. फोनच्या तांत्रिक माहितीत फक्त '८०२.११ बी/जी/एन' लिहिलं असेल तर तो जवळपास नक्कीच केवळ २.४ वर चालतो; 'ए' किंवा 'एसी' असेल तर ५ वरही. २.४ चं चॅनेल 'ऑटो' सोडून १, ६ किंवा ११ करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. भारतात १२ आणि १३ ही चॅनेलंही चालतात, पण नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेल्या फोनला ती बहुधा दिसत नाहीत. ५ गिगाहर्ट्झवर ५२ ते १४४ ही चॅनेलं रडारशी वाटून घेतलेली असतात. वीज जाऊन आली की राउटरला आधी किमान एक मिनिट तिथे कान देऊन थांबावं लागतं, म्हणून नाव उशिरा उगवतं. ३६ ते ४८ मध्ये ही भानगड नाही.

'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' वरच अडकत असेल तर राउटरच्या डीएचसीपीकडे (आयपी पत्ते वाटणारी सोय) पत्ते शिल्लक आहेत का ते बघा. सुरुवात १०० आणि शेवट ११० असा तुटपुंजा पट्टा ठेवला असेल तर फोन, टीव्ही, कॅमेरे मिळून तो सहज संपतो. २ ते २०० करा. काढलेला जुना राउटर आतल्या खोलीत रेंजसाठी लावला असेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा आणि त्याचा पत्ता बदला, नाहीतर दोघंही पत्ते वाटत बसतात आणि घरात रोज कोणाचं तरी नेट जातं.

'कनेक्टेड, नो इंटरनेट' येत असेल तर बाकीच्या फोनवर नेट आहे का ते आधी पाहा. तिथेही नसेल आणि राउटरवरचा 'एलओएस' दिवा लाल असेल तर फायबर तुटलीय किंवा निघालीय; फोनशी खेळू नका, तक्रार नोंदवा. एकाच फोनवर नसेल तर तारीख-वेळ, व्हीपीएन, आणि अँड्रॉइड ९ पासूनच्या फोनवर 'प्रायव्हेट डीएनएस' बघा. वायफायच्या 'ॲडव्हान्स्ड' मध्ये आयपी 'स्टॅटिक' असेल तर 'डीएचसीपी' करा. जुन्या राउटरचा १९२.१६८.०.५० सारखा पत्ता धरून बसलेला फोन नव्या राउटरला लागतो, पण पुढे काहीच उघडत नाही.

एवढ्यानेही हललं नाही तर 'रीसेट वायफाय, मोबाइल अँड ब्लूटूथ' करा (सॅमसंगवर 'जनरल मॅनेजमेंट', मग 'रीसेट'). यात साठवलेली वायफाय नावं आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात. फोटो, चॅट, ॲप यांना धक्का लागत नाही.

हार्डवेअरची लक्षणं वेगळीच असतात. वायफायचं बटण राखाडी पडतं किंवा चालू करताच बंद होतं, ब्लूटूथही चालत नाही (बहुतेक फोनमध्ये दोन्ही एकाच चिपवर असतात), आणि 'अबाउट फोन' मध्ये वायफायचा मॅक 'अनअव्हेलेबल' दिसतो. असं असेल तर वायफाय आयसीचं काम आहे. 'हीट मारून देतो' म्हणणाऱ्याला नको म्हणा. ते थोडे दिवस टिकतं आणि बोर्ड खराब होऊ शकतो. राउटरला चिकटून असतानाच वायफाय येत असेल तर अँटेनावर संशय घ्या. वायफाय ॲनलायझर ॲपवर राउटरच्याच खोलीत दुसरा फोन उणे ४५ डीबीएम (सिग्नलच्या जोराचं माप) दाखवतोय आणि हा उणे ७५, म्हणजे बराच कमजोर, तर खात्रीच समजा. डिस्प्ले किंवा बॅटरी बदलल्यावर हे सुरू झालं असेल तर आतल्या अँटेना केबलचं कनेक्टर नीट बसलेलं नसतं. ज्याने फोन उघडला त्याच्याकडूनच ते दाबून घ्या.

आधी २.४ वर डब्ल्यूपीए२ आणि फोनवर 'फरगेट', एवढंच करा. तरी अडलं तर आईंच्या फोनचं मॉडेल, राउटरचं मॉडेल आणि स्क्रीनवरचा संदेश शब्दशः इथे लिहा, पुढचं बघू.