देवचाफा आपल्याकडचाच ना? नागपुरात कुंडीत लावला तर जगेल का?

जगेल, अगदी मजेत. पण मूळचा तो आपल्याकडचा नाही. देवळाच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्यामुळे तसं वाटतं, इतकंच. देवचाफा, म्हणजे खुरचाफा, प्लुमेरिया या प्रजातीतला. चार्ल्स प्लुमिए या १७व्या शतकातल्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून हे नाव पडलं. या प्रजातीचं माहेर मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग. लाल-गुलाबी फुलांचा प्लुमेरिया रुब्रा मेक्सिकोकडचा, तर गोल टोकाच्या पानांचा प्लुमेरिया ऑब्टुसा कॅरिबियन भागातला. नर्सरीत नागचंपा म्हणून मिळतो तो बहुधा प्लुमेरिया पुडिका, पनामा-कोलंबिया-व्हेनेझुएलाकडचा.

सोनचाफा मात्र खरा आपला. फक्त नावाचा भाऊ, कूळच वेगळं: तो मॅग्नोलिया.

मला सगळ्यात आवडतं ते याचं फसवं फूल. संध्याकाळी वास दरवळतो, मोठे पतंग मधाच्या आशेने येतात आणि आत मध नसतोच! फुलाफुलावर शोधत फिरताना परागीभवन होऊन जातं.

नागपूरचं ऊन त्याला सोसतं. घात करते ती काळी माती, पावसाळ्यात पाणी धरून मुळं कुजवते. कुंडीत अर्धी जाड रेती घाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये हातभर फांदी तोडा, चीक सुकेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवा, मग लावा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. हिवाळ्यात पानं गळली म्हणून उपटू नका, झाड झोपलेलं असतं. तेव्हा पाणी अगदी कमी द्या.