वकील धरण्याआधी

दिवाळखोरीच्या प्रकरणासाठी रत्नागिरीतला ओळखीचा वकील लगेच धरू नकोस. आधी बघ, तुझा आंबा कॅनिंगचा कारखाना कशाच्या नावावर आहे. प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर प्रकरण 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेखाली मुंबईच्या एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात जातं. जमिनीचे दावे उत्तम चालवणारा माणूस तिथे पुरा पडत नाही. एकट्याच्या धंद्याला मात्र 1920 चा जुना कायदा आणि जिल्हा न्यायालय.

मी पहिला वकील केवळ फी कमी म्हणून केला, आणि 60 दिवसांत कर्ज फेडा अशी बँकेची नोटीस त्याच्या कपाटात पडून राहिली. राहतं घर गहाण होतं रे. म्हणून पहिल्या भेटीतच विचार: एनसीएलटीत स्वतः किती प्रकरणं चालवलीत? तारखेला तुम्ही उभे राहणार की ज्युनियर? माझ्याच बँकेचं काम घेता का? वैयक्तिक हमी दिली असशील तर तो कागद आधी पुढे कर. कंपनी बुडाली म्हणून हमी सुटत नाही.

इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल, म्हणजे दिवाळखोरीची प्रक्रिया चालवणारा परवानाधारक, याची नोंदणी आयबीबीआय या नियामक मंडळाच्या वेबसाइटवर तपासता येते. पण तो तुझा माणूस नव्हे. अर्ज मंजूर होऊन त्याची नेमणूक झाली की संचालक मंडळाचे अधिकार त्याच्याकडे जातात. घरी वडिलांना हे आत्ताच सांगून ठेव.